काला-आजाराशी झुंज

(ज्या रोगाचे रोगी गरीब असतात, त्या रोगावर औषध शोधायला फारसे कोणी पुढे येत नाही. औषध शोधायला पैसा लागतो, वर्षे लागतात आणि गरीब रोग्यांकडून तो खर्च वसूल होत नाही. अशाच एका रोगावर कोलकात्याच्या एका डॉक्टरांनी साध्याशा खोलीत बसून औषध तयार केले. त्यांच्या कार्याची ओळख या पाठातून होते.)

ब्रह्मपुत्रा नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला आसाम हा सुपीक प्रदेश आहे. भाताची शेते, बांबूची बने आणि चहाचे मळे यांनी तो हिरवागार दिसतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशावर एक मोठे संकट कोसळले. घराघरांत माणसे तापाने फणफणू लागली. ताप काही दिवस उतरे, पुन्हा चढे. असे महिनोन्‌महिने चाले. रोग्याचे हातपाय काडीसारखे होत, पोट मात्र फुगत जाई. कारण पोटातील प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढून मोठी होत असे. अंगातले रक्त कमी होई. त्वचा काळवंडे. अखेर जुलाब किंवा न्यूमोनिया अशा एखाद्या दुसऱ्या रोगाचे निमित्त होई आणि रोगी दगावे. उपचार न झालेल्या शंभर रोग्यांपैकी नव्वदांहून अधिक रोगी मरत असत.

आसामातील नौगाव जिल्ह्याची तर फारच वाईट अवस्था झाली. १८९१ च्या जनगणनेत जितकी माणसे मोजली गेली, त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश १९०१ च्या जनगणनेत कमी झाली होती. कसायला माणूस नाही म्हणून शेते पडीक राहिली. काही वस्त्या उठून गेल्या. बंगाल आणि बिहारमध्येही हा रोग ठाण मांडून बसला होता.

या रोगाला लोक काला-आजार म्हणत. हा शब्द तुम्हांला समजायला मुळीच कठीण नाही. त्वचा काळवंडते म्हणून काला. आजार हा शब्द मूळचा फारसी. तुमच्या उर्दूत तो आज़ार म्हणून आहे आणि मराठीत तर तो अगदी रोजच्या बोलण्यातला शब्द झाला आहे. पुढे डॉक्टरांनीही हेच नाव स्वीकारले आणि जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत ते छापले जाऊ लागले.

सुरुवातीला डॉक्टरांना वाटले, की हा मलेरियाचाच एखादा भयंकर प्रकार असावा. म्हणून ते क्विनाईन देत. पण क्विनाईनने हा ताप हटत नसे. १९०३ मध्ये या कोड्याचा उलगडा झाला. डमडम येथील छावणीत ताप जडलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन या डॉक्टरांना अतिसूक्ष्म ठिपके दिसले होते. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनाही ते दिसले. हे ठिपके म्हणजे एक परोपजीवी जीव होता. दोघांच्याही नावांवरून त्याला लीशमानिया डोनोव्हानी असे नाव देण्यात आले. शत्रू कोण, हे आता कळले होते. पण त्याला मारायचे कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते काम पुढे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी केले.

ब्रह्मचारी हे त्यांचे आडनाव. ते स्वतः मात्र संसारी गृहस्थ होते. त्यांचा जन्म १९ डिसेंबर १८७३ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात जमालपूर येथे झाला. जमालपूर हे रेल्वेचे गाव. तेथे रेल्वेचे मोठे कारखाने होते. उपेंद्रनाथांचे वडील नीलमणी ब्रह्मचारी हे रेल्वेतच डॉक्टर होते. त्यांच्या आईचे नाव सौरभ सुंदरी देवी. वडिलांकडे येणारे रोगी उपेंद्रनाथ लहानपणापासून पाहत होते. त्यांचे शालेय शिक्षण जमालपूरच्या रेल्वे शाळेत झाले.

पुढील शिक्षणासाठी ते हुगळी येथील मोहसीन कॉलेजात गेले. या कॉलेजचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. हाजी मुहम्मद मोहसीन हे अठराव्या शतकातील हुगळीचे एक दानशूर गृहस्थ. त्यांनी आपली मोठी संपत्ती धर्मादाय कामांसाठी ठेवून दिली. १८१२ मध्ये ते वारले. त्यांच्या निधीतून १८३६ मध्ये हे कॉलेज उभे राहिले आणि तेथे सर्व जातिधर्मांची मुले शिकू लागली. पेरणारा एक असतो आणि पीक कोणाच्या घरी जाईल, हे त्यालाही माहीत नसते. मोहसीन यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या या कॉलेजातून उपेंद्रनाथ १८९३ मध्ये बी. ए. झाले. गणित आणि रसायनशास्त्र हे त्यांचे विषय होते.

उपेंद्रनाथांना या दोन्ही विषयांची गोडी होती. पण पुढे काय शिकावे? त्यांनी एक वेगळाच मार्ग निवडला. त्यांनी रसायनशास्त्रही सोडले नाही आणि वैद्यकही सोडले नाही. १८९४ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते रसायनशास्त्रात एम. ए. झाले. मग वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १९०० मध्ये ते एम. बी. झाले. या परीक्षेत वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. १९०२ मध्ये त्यांनी एम. डी. ही पदवी मिळवली. १९०४ मध्ये रक्तपेशींच्या विघटनावर प्रबंध लिहून ते पीएच. डी. झाले. डॉक्टर असून रसायनशास्त्राचा इतका खोल अभ्यास केलेली माणसे त्या काळात फार थोडी होती. हीच दुहेरी विद्या पुढे कामी आली. रोगी पाहणारा डोळा आणि औषध घडवणारा हात एकाच माणसाजवळ होता.

१९०१ मध्ये ते ढाक्याच्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. १९०५ मध्ये त्यांची बदली कोलकात्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत झाली. आज ही संस्था नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज या नावाने ओळखली जाते. शाळेला जोडूनच रुग्णालय होते. गोरगरीब रोगी तेथे येत. त्यांत काला-आजाराचे रोगी पुष्कळ असत. सुजलेले पोट आणि खोल गेलेले डोळे घेऊन आलेली मुले उपेंद्रनाथ रोज पाहत. त्यांना देण्यासारखे औषध मात्र त्यांच्याजवळ नव्हते. डॉक्टरला यापेक्षा मोठे दुःख कोणते असेल?

काही वर्षांनी एक आशेचा किरण दिसला. ब्राझील देशात गास्पार व्हियाना या डॉक्टरांनी याच जातीच्या परोपजीवीमुळे होणाऱ्या त्वचेच्या रोगावर टार्टर एमेटिक नावाचे औषध वापरले आणि त्याचा गुण आला. १९१५ मध्ये इटलीतील सिसिली बेटावर आणि कोलकात्यातही काला-आजाराच्या रोग्यांवर ते वापरून पाहिले गेले. काही रोगी बरे होऊ लागले. या औषधात अँटिमनी नावाचे मूलद्रव्य असते. अँटिमनी तुम्हांला अगदीच अपरिचित नाही. पूर्वीच्या काळी डोळ्यांत घालायचा सुरमा ज्या खनिजांपासून करीत, त्यांपैकी एकात अँटिमनी असते.

परंतु टार्टर एमेटिकचे दोष फार होते. एमेटिक म्हणजे ओकारी आणणारे. नावाप्रमाणेच हे औषध टोचल्यावर रोग्याला उलट्या होत, खोकला येई, ग्लानी येई. कधी हृदयावरही परिणाम होई. शिवाय हा उपचार दोन-तीन महिने, कधी त्याहूनही अधिक काळ चालवावा लागे. हातावर पोट असलेला मजूर इतके दिवस रुग्णालयात कसा राहणार? पुष्कळ रोगी उपचार अर्धवट सोडून निघून जात आणि घरी जाऊन मरत. म्हणजे औषध होते. पण ते ज्याच्यासाठी होते, त्यालाच ते सोसवत नव्हते आणि परवडतही नव्हते.

यात आणखी एक अडचण होती. लीशमानियाचे जंतू रक्तात उघडपणे फिरत नाहीत. रोगजंतूंना गिळून टाकणाऱ्या ज्या पेशी आपल्या शरीरात असतात, त्या रक्षक पेशींतच हे जंतू शिरतात आणि तेथेच वाढतात. प्लीहा, यकृत आणि हाडांतील मगज येथे अशा पेशी भरपूर असतात. पहारेकऱ्याच्याच खोलीत चोर लपून बसावा, तसा हा प्रकार. चोराला तर पकडायचे. पण त्यासाठी घर जाळून चालत नाही. जंतूला मारक आणि शरीराला सोसवणारे, असे औषध हवे होते.

असे औषध विचारपूर्वक घडवता येते, हे त्याच सुमारास जर्मनीत पॉल एर्लिश यांनी दाखवून दिले होते. त्यापूर्वी बहुतेक औषधे अनुभवाने किंवा योगायोगाने सापडत. एर्लिश यांची पद्धत निराळी होती. आफ्रिकेतील निद्रारोगावर अ‍ॅटॉक्सिल हे औषध वापरले जाई. त्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल असते. उर्दूत त्याला संखिया म्हणतात. ते विषच. अ‍ॅटॉक्सिलने रोगजंतू मरत, पण कित्येक रोग्यांची दृष्टी जाई. एर्लिश यांनी या पदार्थाच्या रेणूची नेमकी रचना शोधून काढली. मग त्या रचनेत थोडा थोडा बदल करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो नवे पदार्थ तयार केले आणि प्रत्येक पदार्थ तपासून पाहिला. ६०६ क्रमांकाचा पदार्थ उपदंश या रोगावर गुणकारी आहे, हे त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांच्या प्रयोगांत दिसून आले. १९१० मध्ये ते औषध बाजारात आले.

उपेंद्रनाथांनी या कामाचा बारकाईने अभ्यास केला. ते रसायनशास्त्रज्ञ होते, म्हणून त्यांच्या लक्षात एक गोष्ट पटकन आली. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत आर्सेनिक आणि अँटिमनी एकाच गणात, एकाखाली एक आहेत. एका गणातील मूलद्रव्यांचे गुणधर्म बरेचसे सारखे असतात. मग अ‍ॅटॉक्सिलच्या रेणूत जेथे आर्सेनिक आहे, तेथे अँटिमनी बसवले तर? टार्टर एमेटिकमधील अँटिमनीची संयुजा तीन असते. नव्या रेणूत ती पाच होणार होती. अशा रूपातले अँटिमनी शरीराला कमी त्रास देईल, अशी आशा होती. विचार सोपा वाटतो; पण तो कृतीत आणणे फार कठीण होते.

१९१९ च्या अखेरीस इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेकडून त्यांना या संशोधनासाठी अनुदान मिळाले. याच संस्थेचे पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत रूपांतर झाले. कॅम्पबेल रुग्णालयात त्यांना एक लहानशी खोली मिळाली. हीच त्यांची प्रयोगशाळा! तेथे गॅसची सोय नव्हती, पाण्याचा नळ नव्हता आणि विजेचा दिवाही नव्हता. दिवसभर विद्यार्थ्यांना शिकवायचे, रोगी तपासायचे आणि मग या खोलीत येऊन रात्री उशिरापर्यंत रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता. असे कित्येक महिने गेले.

यापूर्वी त्यांनी अँटिमनीची अतिशय बारीक पूड द्रवात मिसळून वापरून पाहिली होती. तिचा गुण येई. पण ती तयार करणे फार किचकट होते. हजारो रोग्यांना पुरवता येईल असे ते औषध नव्हते. म्हणून त्यांनी तो मार्ग सोडला. जे औषध खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचू शकत नाही, ते आपल्या कामाचे नाही, हे त्यांच्या मनाने पक्के धरले होते.

मग ते कार्बनी पदार्थांकडे वळले. अ‍ॅटॉक्सिलसारखाच, पण अँटिमनी असलेला पदार्थ त्यांनी तयार केला. त्याचा क्षारही बनवला. तरीही मनासारखे औषध हाती येईना. तेव्हा त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. क्विनाईनची सुई फार दुखत असे. पण क्विनाईनला युरियाची जोड दिली, की वेदना कमी होत. हीच युक्ती येथे करून पाहिली तर? त्यांनी आपल्या अँटिमनीच्या पदार्थाशी युरियाचा संयोग घडवून आणला. एका रात्री दहाच्या सुमारास धुरकट कंदिलाच्या उजेडात त्यांना दिसले, की प्रयोग अपेक्षेप्रमाणे साधला आहे. ते साल होते १९२०. या नव्या औषधाला त्यांनी युरिया स्टिबामाइन असे नाव दिले.

पण भांड्यात पदार्थ तयार झाला, म्हणजे औषध तयार झाले असे नव्हे. तो रोग्याला मानवतो का, रोग खरोखर बरा करतो का आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या हातूनही तोच गुण येतो का, या तीन कसोट्यांना त्याला उतरावे लागते. उपेंद्रनाथांनी आधी मोजक्याच रोग्यांना हे औषध दिले. त्यांचा ताप उतरला. प्लीहा हळूहळू पूर्ववत होऊ लागली. वजन वाढू लागले. टार्टर एमेटिकला महिने लागत. येथे दोन-तीन आठवड्यांत काम होत होते. १९२२ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. मग शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेजर शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध आपल्या रोग्यांवर स्वतंत्रपणे वापरून पाहिले. त्यांनाही तोच अनुभव आला. पुढे सरकारने नेमलेल्या काला-आजार आयोगानेही या औषधाची उपयुक्तता मान्य केली.

या पदार्थाच्या रेणूची अचूक रचना कशी आहे, यावर रसायनशास्त्रज्ञांत पुढे बरीच चर्चा झाली. इकडे आसामात मात्र औषधाचे काम जोरात सुरू झाले होते. गावोगावी दवाखाने आणि उपचार केंद्रे उघडली. लोक रांगा लावून सुई टोचून घेऊ लागले. पूर्वी शंभरांतले नव्वद मरत. आता शंभरांतले नव्वद वाचू लागले. आसामात सुमारे सव्वातीन लाख लोकांचे प्राण या औषधामुळे वाचले, असा अंदाज १९३० नंतरच्या काही वर्षांत तेथील अधिकाऱ्यांनी केला. सव्वातीन लाख हा आकडा वाचायला सोपा आहे. पण त्यातील प्रत्येक एक म्हणजे कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ, कोणाचे तरी मूल होते, हे विसरू नये.

औषध सापडले म्हणून उपेंद्रनाथ स्वस्थ बसले नाहीत. बरे झालेल्या रोग्यांवरही त्यांचे लक्ष असे. त्यांतील काहींच्या अंगावर काही काळाने फिकट चट्टे आणि गाठी येत. अनेकांना तो कुष्ठरोग वाटे. उपेंद्रनाथांनी त्या गाठींची तपासणी केली, तेव्हा त्यांत लीशमानियाचेच जंतू सापडले. म्हणजे रोग आतून गेला, तरी कातडीत दडून राहू शकतो. हे निरीक्षण त्यांनी १९२२ मध्ये जगापुढे मांडले. आजही काला-आजाराच्या बंदोबस्तात याला फार महत्त्व आहे. कारण अशा रोग्यापासून रोग पुन्हा पसरू शकतो. रोग पसरतो कसा, याचे नेमके उत्तर मात्र त्या वेळी मिळालेले नव्हते. सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी चावल्याने तो पसरतो, हे १९४२ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. शत्रू कोणत्या वाटेने येतो हे नक्की माहीत नसतानाच उपेंद्रनाथांनी त्याला गाठले होते, ही गोष्ट लक्षात घेतली, की त्यांच्या कामाचे मोल अधिकच वाढते.

१९२४ मध्ये कोलकात्यात आपल्या राहत्या घरीच त्यांनी ब्रह्मचारी संशोधन संस्था सुरू केली. १९२७ मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर कारमायकेल मेडिकल कॉलेजात त्यांनी उष्ण कटिबंधातील रोगांचे अध्यापन केले. रेडक्रॉस संस्थेच्या बंगाल शाखेचे काम त्यांनी पाहिले आणि १९३९ मध्ये कोलकात्यात रक्तपेढी स्थापन करण्यात पुढाकार घेतला. १९३४ मध्ये सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. १९३६ मध्ये इंदूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष झाले. १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. ते पारितोषिक त्यांना मिळाले नाही. त्या वर्षी ते जीवनसत्त्वांवरील संशोधनाला मिळाले. परंतु आसामच्या खेड्यापाड्यांतून जी माणसे मरणाच्या दारातून परत आली, त्यांना या पारितोषिकाचे नावही माहीत नव्हते. त्यांना माहीत होती ती फक्त ती सुई.

सन्मान खूप मिळाले. तरी उपेंद्रनाथांना कॅम्पबेल रुग्णालयातील ती लहानशी खोलीच सर्वांत प्रिय वाटे. पुढे तेथे प्रयोगशाळेची खूणही उरली नाही, तरी ते तिला आपले तीर्थक्षेत्र मानत. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. कोलकात्यातील एका रस्त्याला आज त्यांचे नाव दिलेले आहे.

काला-आजाराची गोष्ट मात्र तेथे संपली नाही. युरिया स्टिबामाइननंतर अँटिमनीचीच आणखी काही औषधे आली आणि तीच वापरली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर मलेरियाच्या डासांसाठी घरोघरी डी. डी. टी. फवारले गेले. त्यात वाळूमाश्याही मेल्या आणि काला-आजार जवळजवळ दिसेनासा झाला. लोक त्याला विसरले. फवारणी थांबली आणि १९७० नंतर बिहारमध्ये तो पुन्हा उसळला. या वेळी नवे संकट उभे राहिले. जंतूंना अँटिमनीची सवय झाली होती. बिहारच्या काही भागांत तर या औषधांनी निम्म्याहून अधिक रोगी बरे होईनात. पुन्हा नवी औषधे शोधणे भाग पडले. मूळ कर्करोगासाठी बनवलेले मिल्टेफोसीन हे औषध काला-आजारावर चालते, असे आढळले. २००२ मध्ये भारतात त्याला मान्यता मिळाली. तोंडाने घ्यायचे हे या रोगावरील पहिलेच औषध होय. दुसरे औषध म्हणजे अँफोटेरिसिन बी. ते चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून शिरेतून दिले, की ज्या रक्षक पेशींत जंतू दडलेले असतात, त्याच पेशी त्या पिशव्या गिळतात. अशा रीतीने औषध थेट चोराच्या खोलीत पोहोचते. पूर्वी महिने लागत, तेथे आता एकाच दिवसाचा उपचार पुरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बांगलादेशाने हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. भारतातही रोग्यांची संख्या पुष्कळ घटली आहे.

औषध बदलले, पण मार्ग तोच राहिला. रोगजंतू कोठे राहतो, ते समजून घ्यायचे. रेणूची रचना विचारपूर्वक बदलायची. ते औषध रोग्याला सोसवेल आणि परवडेल, याची काळजी घ्यायची. आणि एकदा यश आले म्हणून गाफील राहायचे नाही. आजही जगात असे कितीतरी रोग आहेत, जे फक्त गरिबांनाच गाठतात आणि म्हणून दुर्लक्षित राहतात. त्यांच्यासाठी झटणाऱ्या संशोधकांच्या वाटेवर कॅम्पबेल रुग्णालयातील त्या कंदिलाचा उजेड अजून पडलेला आहे.

शब्दार्थ

दगावणे – मरणे, मृत्यू होणे
पाणथरी – प्लीहा, तिल्ली
यकृत – जिगर
परोपजीवी – दुसऱ्या जिवावर जगणारा
ग्लानी – फार थकवा, शुद्ध हरपत जाणे
मगज – हाडाच्या आतील मऊ भाग
मानवणे – प्रकृतीला सोसणे
गाफील – बेसावध

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) काला-आजार हे नाव कशावरून पडले?
(आ) उपेंद्रनाथांचे बी. ए. पर्यंतचे शिक्षण कोणत्या कॉलेजात झाले?
(इ) काला-आजार कोणत्या माशीमुळे पसरतो?

२. कारणे लिहा.
(अ) टार्टर एमेटिकचा उपचार रोगी अर्धवट सोडून जात.
(आ) अँटिमनीची बारीक पूड वापरण्याचा मार्ग उपेंद्रनाथांनी सोडून दिला.
(इ) बरे झालेल्या रोग्यांवरही लक्ष ठेवणे आवश्यक असते.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उपेंद्रनाथांच्या प्रयोगशाळेचे वर्णन करा.
(आ) आर्सेनिकच्या जागी अँटिमनी वापरावे, असे त्यांना का वाटले?

४. वाक्यांत उपयोग करा.
ठाण मांडून बसणे, कसोटीला उतरणे, कामी येणे, पुढाकार घेणे.

५. आजार, गाफील, मगज हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी दहा शब्द शोधा आणि त्यांचे दोन्ही भाषांतील अर्थ लिहा.